चार गावं, चार वाजता, एक चहा

कॉल सेंटरमधलं ब्रेकचं वेळापत्रक एकाच हिशोबावर बसवलेलं असतं. फोन वाजला की उचलायला माणूस हवा, म्हणून एका टीममधल्या सगळ्यांना एकाच वेळी सोडायचं नाही. एक परत आला की दुसऱ्याने उठायचं. वर्षभर शेजारी बसून काम केलेल्या दोघांनी एकदाही एकत्र चहा घेतलेला नाही, असं तिथे सहज घडतं. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या एका कॉल सेंटरमध्येही हीच रीत होती. एमआयटीतले प्राध्यापक अ‍ॅलेक्स पेंटलंड आणि त्यांचे विद्यार्थी बेन वेबर यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात एक बिल्ला अडकवला. कोण कोणाशी समोरासमोर बोलतं, किती वेळ, आवाजाचा चढउतार कसा असतो, अशा गोष्टी तो टिपायचा. बोललेले शब्द टिपत नसे. हाती आलेल्या आकड्यांत असं दिसलं की कोणती टीम चांगलं काम करते हे त्या टीमच्या मीटिंगबाहेरच्या गप्पांवरून सगळ्यात नीट ओळखता येतं. मग पेंटलंड यांनी तिथल्या मॅनेजरला एक साधी गोष्ट सुचवली. एका टीमच्या सगळ्या माणसांना कॉफीचा ब्रेक एकाच वेळी द्या.

मॅनेजरने तसं केलं. एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, ज्याला या धंद्यातले लोक एएचटी म्हणतात, तो मागे पडलेल्या टीममध्ये २० टक्क्यांहून जास्त घटला. सगळ्या केंद्राचा धरला तर ८ टक्क्यांनी. कर्मचाऱ्यांचं समाधानही वाढलं. मग हाच बदल बँकेच्या दहाही कॉल सेंटरमध्ये, म्हणजे २५,००० लोकांसाठी करायचं ठरलं आणि त्यातून वर्षाला दीड कोटी डॉलरचा फायदा होईल असा अंदाज बांधला गेला. पेंटलंड यांनी २०१२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हे सविस्तर लिहिलं आहे.

घरून काम करणाऱ्यांना एकत्र ब्रेक घेता यावा म्हणून गेल्या काही वर्षांत कितीतरी अ‍ॅप आली, काही बंदही पडली. असं अ‍ॅप बनवायला बसणाऱ्या प्रत्येकाने या कॉल सेंटरची गोष्ट आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं. तिथे भिंतीवर टीव्ही लावला नव्हता, खेळ ठेवले नव्हते, कुणाची कुणाशी जोडी लावली नव्हती. बदललं होतं ते फक्त वेळापत्रक. बाकीचं माणसांनी आपलं आपण केलं.

माणसं आपलं आपण काय करतात, ते हिंजवडीच्या किंवा मगरपट्ट्याच्या गेटबाहेर कुठल्याही टपरीवर चार वाजता दिसतं. कुणी कुणाला आमंत्रण पाठवत नाही. एक जण खुर्ची मागे सारतो, दुसऱ्याकडे बघून मान हलवतो, तिसरा हेडफोन काढतो. लिफ्टपाशी आणखी दोघं मिळतात. टपरीवर पोचेपर्यंत पाच जण झालेले असतात आणि त्यातला एक भलत्याच प्रोजेक्टचा असतो. बोलणं सुरू होतं ते मॅचवरून, तिथून फ्लॅटच्या हप्त्यावर, हप्त्यावरून अ‍ॅप्रेझलवर, आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, ‘अरे, तो एरर आम्हालाही येत होता, सर्टिफिकेट बघ एकदा.’ सकाळपासून अडलेलं काम तिथे सुटतं. ग्लास रिकामा झाला की जो तो निघतो. ‘चला, आता समारोप करू’ असं कुणी म्हणत नाही.

घरून काम सुरू झालं तेव्हा काम घरी गेलं आणि हे मागे राहिलं. एमआयटीचेच थॉमस अ‍ॅलन यांनी १९७७ साली, इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं किती झपाट्याने कमी होतं, ते आलेख काढून दाखवलं होतं. ठरावीक अंतरापलीकडे माणूस जवळपास परका होतो. मार्च २०२० मध्ये हे अंतर एका आठवड्यात मीटरांतून किलोमीटरांत गेलं. पुण्यातल्या खोल्या सोडून पोरं साताऱ्याला, सांगलीला, लातूरला, रत्नागिरीला आपापल्या घरी गेली. त्याच वर्षी टीसीएसने जाहीर केलं की २०२५ पर्यंत आपल्या फक्त २५ टक्के लोकांनाच एका वेळी ऑफिसात असण्याची गरज राहील. पुढे ते धोरण मागे पडलं आणि लोकांना ऑफिसात बोलावलं गेलं. पण घरून, किंवा अर्धा आठवडा घरून, काम करणारे आजही असंख्य आहेत आणि एकाच टीमची माणसं चार गावांत असणं ही आता नवलाई उरलेली नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच कंपनीतल्या ६१,००० हून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांचे २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतले व्यवहार तपासले आणि २०२१ च्या सप्टेंबरात ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांच्याशी रोजचं काम आहे त्यांच्याशी असलेले धागे घट्ट झाले. इतर गटांतल्या माणसांबरोबर जाणारा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटला. टपरीवरचा तो भलत्याच प्रोजेक्टचा माणूस गळाला, असा याचा अर्थ.

यावर कंपन्यांनी पहिला उपाय केला तो शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तंबोला, अंताक्षरी, ‘फन अ‍ॅक्टिव्हिटी’. हेतू चांगलाच होता. पण वीस चौकोनांत वीस चेहरे, एक बोलतो आणि एकोणीस ऐकतात, वर मॅनेजर हजर, म्हणजे हजेरी लागते. याला ब्रेक म्हणता येत नाही. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी आपोआप जमणारी गप्पांची टोळकी मोजली होती. चारच्या आसपास माणसं झाली की गप्पा टिकतात, त्यापुढे टोळकं फुटून दोन होतात. समोरासमोर ते आपोआप फुटतं, व्हिडिओ कॉलला फुटताच येत नाही. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली: डोळ्यांसमोर सतत मोठ्ठे चेहरे, स्वतःचाच चेहरा दिसत राहणं, हालचालीला बंदी, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणाही मुद्दाम कराव्या लागणं. दिवसभर याच गोष्टींनी थकलेल्या माणसाला विश्रांती म्हणून आणखी अर्धा तास तेच द्यायचं, हे डिझाइन मुळातच चुकलेलं होतं.

दूर बसलेल्यांना एकत्र चहा पाजायचा खटाटोप २०२० मध्ये सुरू झाला असं मात्र नाही. त्याला चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि आजच्या डिझायनरला त्यातून फार शिकण्यासारखं आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो आणि ऑरेगनमधलं पोर्टलंड इथली आपली दोन ऑफिसं दिवसभर चालू राहणाऱ्या व्हिडिओने जोडली. कॅमेरे मीटिंगच्या खोलीत लावले नव्हते. लोक सहज येऊन बसतात त्या मोकळ्या जागेत लावले होते. पुढे बेलकोर या कंपनीने आपल्याच इमारतीतल्या वेगवेगळ्या मजल्यांवरच्या दोन कॉफीच्या खोल्या ‘व्हिडिओविंडो’ने जोडल्या. रॉबर्ट फिश, रॉबर्ट क्रॉट आणि बार्बरा चॅलफाँट यांचा त्यावरचा निबंध १९९० चा आहे. तीन फूट उंच आणि आठ फूट रुंद पडदा, त्यावर पलीकडच्या खोलीतली माणसं जवळजवळ पूर्ण आकारात. तुम्ही कॉफी ओतून घेताय आणि भिंतीपलीकडे ओळखीचा माणूसही कॉफी ओतून घेतोय. बोलायला याहून सोयीचं काय हवं? तरीही प्रत्यक्ष समोर आल्यावर लोक जितक्या वेळा बोलायला लागत, त्यापेक्षा पडद्यावर फार कमी वेळा बोलत. एक कारण अगदी बारीक आणि मला फार मोलाचं वाटतं. आपलेपणाने बोलायचं तर माणूस दोन पावलं पुढे सरकतो. इथे दोन पावलं पुढे सरकलं की माणूस कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर जायचा आणि पलीकडच्याला दिसेनासा व्हायचा. जवळ जाण्याची जी नैसर्गिक हालचाल, तीच त्या यंत्राने मोडून टाकली होती.

बेलकोरचाच दुसरा प्रयोग ‘क्रूझर’. कॉरिडॉरमधून चालताना उघड्या दारातून आत डोकावावं तसं स्क्रीनवरून डोकावायची सोय त्यात होती. शिवाय एक भर होती: यंत्र आपणहून मध्येच कुणालाही कुणाशी जोडून द्यायचं, जशी कॉरिडॉरमध्ये अवचित गाठ पडते. लोकांना ते रुचलं नाही. असे कॉल ते आल्याआल्या बंद करून टाकत. कॉरिडॉरमध्ये अवचित भेटतो तेव्हा दोघेही जागेवरून उठलेले असतात. टेबलाशी मान खाली घालून काम करणाऱ्याच्या पुढ्यात अचानक चेहरा येणं ही घुसखोरीच वाटते.

आणि या सगळ्यांपेक्षा यशस्वी ठरली ती सगळ्यात साधी वस्तू. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, ट्रोजन रूमच्या बाहेर, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला. वेगवेगळ्या मजल्यांवर बसणाऱ्यांना उठण्याआधी कळावं की भांड्यात कॉफी आहे की नाही. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं कृष्णधवल चित्र. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि ऑगस्ट २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरच्या लोकांनी ते पाहिलं. या कॅमेऱ्यात एकाही माणसाचा चेहरा दिसायची गरज नव्हती. ‘आत्ता गेलं तर कॉफी मिळेल’ एवढंच तो सांगायचा. उठायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आजच्या अ‍ॅपांकडे आता या जुन्या प्रयोगांच्या शेजारी ठेवून बघावं. स्लॅकवर चालणारं ‘डोनट’ ठरावीक काळाने दोन अनोळखी सहकाऱ्यांची जोडी लावतं आणि भेटा म्हणून सांगतं. गिटलॅब या पूर्णपणे घरून चालणाऱ्या कंपनीने आपल्या जाहीर नियमावलीतच अशा कॉफी-गप्पांना जागा दिली आहे. तिथे हे चालतं, कारण गप्पांचा वेळ कामाचाच धरला जातो. पण वेळ न देता नुसतं डोनट लावलं की काय होतं तेही बघायला हवं. सोमवारी निरोप येतो: तुमची आणि अमक्याची जोडी लागली. दोघेही एकेक हसरा इमोजी टाकतात. ‘या आठवड्यात कधी जमेल?’ ‘गुरुवारी बघू या.’ गुरुवारी रिलीज असतो. ‘पुढच्या आठवड्यात नक्की.’ पुढच्या आठवड्यात नवी जोडी लागलेली असते. यात दोघांचीही चूक नाही. वेळ शोधायचं ओझं अ‍ॅपने दोघांच्या गळ्यात टाकलं, आणि सगळ्यात जड ओझं तेच होतं.

‘गॅदर’ने दुसरी वाट धरली. जुन्या व्हिडिओ गेमसारखा नकाशा, त्यात आपली छोटीशी आकृती. कुणाच्या जवळ गेलं की त्याचा आवाज आणि चेहरा उमटतो, लांब गेलं की विरतो. टोळकं फुटायची सोय इथे आहे, मध्येच सामील व्हायची आणि हळूच निघायचीही आहे. ‘डिस्कॉर्ड’ची व्हॉइस चॅनलं मूळची गेम खेळणाऱ्या पोरांसाठी. खोली कायम उघडी, आत कोण आहे ते बाहेरून दिसतं, शिरायला एक क्लिक पुरते, कुणाचाही फोन वाजत नाही. मी जेवढी पाहिली त्यांत टपरीच्या सगळ्यात जवळ जाणारं डिझाइन हेच आहे, आणि ते नुसत्या आवाजावरही चालतं. चहा पिताना चेहरा दाखवायची सक्ती नाही, गॅलरीत येरझारा घालत बोलता येतं.

यातून काही साधतं का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी २०२० च्या उन्हाळ्यातला एक प्रयोग सांगायला हवा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या इयाव्होर बोजिनोव्ह, पृथ्वीराज चौधरी आणि जॅकलिन लेन यांनी एका जागतिक कंपनीत घरून काम करणारे हजारावर इंटर्न घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे गट पाडले. ज्यांना वरिष्ठ मॅनेजरांबरोबर अनौपचारिक ऑनलाइन गप्पांची संधी मिळाली, त्यांना कामाचे गुण अधिक मिळाले आणि कायम नोकरीचा प्रस्ताव येण्याची शक्यताही वाढली. आपल्याकडे पहिली नोकरीच घरून सुरू केलेल्या मुलामुलींची एक अख्खी पिढी आहे. नागपूरहून किंवा नांदेडहून लॉगिन करणाऱ्या, इंग्रजीत जरा बुजणाऱ्या फ्रेशरला साहेबाशी चार वाक्यं बोलायची संधी फक्त रोजच्या स्टँड-अप मीटिंगमध्येच मिळत असेल, तर तो मागे पडतो. ब्रेकच्या गप्पांना चैन समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग अ‍ॅप बनवायचं ते कसं? माझ्या मते त्याचा गाभा म्हणजे घड्याळ. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं टिकलेले ग्रुप बघा. रोज कुणी कुणाला विचारत नाही. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेलं दार. आलात तर आहात, नाही आलात तर उद्या. शिकागोच्या लोकल गाड्यांत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेला प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. अनोळखी माणसाशी बोलायला लागलं तर प्रवास नकोसा होईल, असं लोकांना आधी वाटत होतं. ज्यांना बोलायला सांगितलं त्यांचा प्रवास उलट जास्त चांगला गेला. माणसाला गप्पा नको नसतात. पहिलं पाऊल आपण टाकायचं याची धास्ती असते, आणि ठरलेली वेळ ते पाऊल कुणावरच टाकत नाही.

म्हणून रोज एकच वेळ, पंधरा मिनिटं, खोली आपोआप उघडावी आणि आपोआप मिटावी. संपवायची जबाबदारीही कुणावर नको. निरोप घ्यायचा संकोच हे लोकांनी न येण्याचं मोठं कारण असतं. खोलीत पाच जण झाले की दुसरी खोली उघडावी. आवाज आधी, कॅमेरा ज्याला हवा त्याला. इंटरनेट रखडणाऱ्या गावातही आवाज तग धरतो, ही आपल्यासाठी वेगळी सोय. आणि वेळ स्थानिक घड्याळाने पाळावी. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण न्यूयॉर्कच्या सकाळच्या नऊला बांधलेला ब्रेक पुण्यात उन्हाळ्यात साडेसहाला येतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेसातला. चहाची वेळ टळून स्वयंपाकाची झालेली असते. युरोपाची घड्याळं पुन्हा वेगळ्या रविवारी सरकतात.

स्वयंपाकाचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबायला हवं. चिंचवडच्या टू बीएचकेमधून काम करणाऱ्या एखाद्या टेस्टरचा चार वाजताचा ब्रेक डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं की सासूबाईंचा चहा, शाळेतून आलेल्या मुलाचा डबा धुणं, दूध तापवणं, दारात आलेला कुरिअरवाला. पंधरा मिनिटांनी ती पुन्हा खुर्चीत बसते तेव्हा उठण्याआधीपेक्षा जास्त दमलेली असते. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २०१९ मध्ये सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, २०२४ मध्ये २८९. तेच काम करणाऱ्या पुरुषांचे आकडे ९७ आणि ८८. ऑफिसात असताना चार वाजताचा चहा हा तिच्या दिवसातला एकमेव असा वेळ होता ज्यावर घराचा हक्क नव्हता. घरून काम आलं आणि तोही गेला. ठरलेल्या वेळी वाजणारा, घरातल्यांनाही ऐकू जाणारा, ‘ऑफिसचा कॉल आहे’ असं बिनदिक्कत सांगता येईल असा ब्रेक तिला मिळाला, तर तेवढं एकच काम करणारं अ‍ॅपही मी उत्तम म्हणेन.

दुसरा अडथळा हिरव्या ठिपक्याचा. टीम्ससारख्या अ‍ॅपवर माणूस काही मिनिटं हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. कुणी बघत असो वा नसो, तो पिवळा होऊ नये म्हणून लोक चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने माउस हलवत राहतात. २०२४ मध्ये वेल्स फार्गोने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या आरोपावरून डझनभराहून अधिक लोकांना काढलं, ती बातमी जगभर गाजली. जिथे अशी भीती आहे तिथे ब्रेकची खोली रिकामीच राहणार. म्हणून ब्रेकमध्ये असलेल्याचा ठिपका हिरवाच राहिला पाहिजे. कोण किती वेळा आलं, किती बोललं याची नोंद अ‍ॅपने ठेवूच नये आणि एचआरने मागूही नये. पेंटलंड यांच्या बिल्ल्याने हे सगळं मोजलं होतं, पण ते संशोधनापुरतं. रोजच्या गप्पांवर डॅशबोर्ड बसला की टपरीवरही लोक तोंड सांभाळून बोलतील. या एका मुद्द्यावर डिझायनरने ग्राहक कंपनीशी भांडायची तयारी ठेवावी.

छोट्या ब्रेकवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला होता. दहा मिनिटांपर्यंतच्या ब्रेकने थकवा कमी होतो आणि हुरूप वाढतो, एवढं त्यात स्पष्ट दिसतं. कामगिरीवरचा परिणाम तितका ठाम नाही. मला यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. माणूस कमी थकला आणि त्याला चार माणसांचा सहवास मिळाला, एवढं कारण पंधरा मिनिटांसाठी पुरेसं असावं.

टीम लीड आणि मॅनेजर असलेल्या वाचकांना एक विनंती. कोणतंही अ‍ॅप विकत घेण्याआधी उद्याच आपल्या टीमच्या कॅलेंडरवर रोजची पंधरा मिनिटं सगळ्यांसाठी एकाच वेळी मोकळी करा. एक साधा ऑडिओ कॉल उघडा ठेवा आणि पहिले काही दिवस स्वतः चहा घेऊन तिथे बसा. मग हळूहळू स्वतः येणं कमी करा. त्या वेळेत कुणी मीटिंग टाकली तर ती तुम्ही काढून टाका, क्लायंटची असली तरी पुढे ढकला. महिनाभर हे पाळता आलं, तर अ‍ॅप कोणतं घ्यायचं ते टीमच तुम्हाला सांगेल. पाळता आलं नाही, तर अ‍ॅपवर पैसे घालवू नका.